रजिस्टरात नाव कुणाचं?

समोरच्या आक्कांच्या घरी तीन दिवस झाले, कुणी कुणाशी धड बोलत नाही. आणि काडी टाकलीय थेट मंत्रालयानं.

आता घराची रचनाच तशी आहे. पोरगा गायनॅकॉलॉजिस्ट, सून रेडिओलॉजिस्ट, जावई बीएचएमएस, म्हणजे होमिओपॅथीचे डॉक्टर. पोराचं हॉस्पिटल जालन्यात, जावयाचा दवाखाना मंठ्याकडच्या एका खेड्यात. १८ सप्टेंबर २०२५ ला आयएमएनं, म्हणजे अ‍ॅलोपॅथीवाल्यांच्या इंडियन मेडिकल असोसिएशननं, राज्यभर चोवीस तास बंद पुकारला आणि आक्कांच्या सासऱ्यांचं पित्तर नेमकं त्याच दिवशी आलं. पोरगा घरीच, कारण हॉस्पिटल बंद. जावई मात्र बाराचं जेवण सोडून चारला उगवले, कारण बंदमुळं त्यांच्याकडं दुप्पट पेशंट.

हे सगळं मला कळलं भिंतीवरून. आमच्या आणि सिस्टरच्या अंगणात कमरेएवढीच भिंत आहे. सिस्टर गांधी चमनच्या स्त्री रुग्णालयातून रिटायर झालेल्या, गल्ली त्यांना सिस्टरच म्हणते. घट बसायच्या आधी गोधड्या निघाल्या पाहिजेत म्हणून दोघी सकाळपासून धोपाटण्यात होतो. ऊन पडलं तसं गोधड्या भिंतीवर टाकल्या आणि वरून बोलायला लागलो.

"वहिनी, पोरगा काय म्हणाला माहितीय? पानावर बसलेल्या जावयाला! 'दाजी, आमचा संप म्हणजे तुमचा सीझनच.' आक्का खीर वाढत होत्या, वाटी हातातच राहिली."

"मग दाजी गप्प बसले?"

"गप्प? ते म्हणाले, 'तुम्ही एक दिवस बंद ठेवला तर बातमी होते. आमच्या गावात एमबीबीएस कायमच बंद आहे, त्याची कुठं बातमी आली?' झालं. लेकीनं बॅग भरली."

खरं सांगू, मला दाजींचं बोलणं पटलं. पण सिस्टरसमोर लगेच पटल्याचं दाखवायचं नसतं. त्या उलटतपासणी घेतात. म्हणून मी सरळ विचारलं, "पण हे सीसीएमपी, सीसीएमपी म्हणायलेत ते आहे काय नेमकं?"

सिस्टरनी ओला हात पदराला पुसला. म्हणजे आता सविस्तर.

"होमिओपॅथीवाल्यांनी वर्षभर अ‍ॅलोपॅथीच्या औषधांचा अभ्यास करायचा, तो कोर्स. २०१४ ला विधिमंडळानं त्यासाठी कायदे दुरुस्त केले. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठानं २०१६ पासून कोर्स सुरू केला. आयएमए दुरुस्ती झाली तव्हाच हायकोर्टात गेली, ते प्रकरण अजून चालूच. अन् यंदा जूनच्या शेवटी मेडिकल कौन्सिलनं नोटीस काढली की १५ जुलैपासून या कोर्सवाल्यांची नोंदणी करू. आयएमए म्हणाली, बंद करतो. सरकार म्हणालं, थांबा, समिती नेमतो. मग होमिओपॅथीवाले आझाद मैदानात जाऊन बसले. ५ सप्टेंबरला सरकारनं परत आदेश काढला, की वेगळं रजिस्टर करा अन् घ्या नोंदवून. त्यावर हा १८ तारखेचा बंद."

"म्हणजे एकदा हे दाबतात, एकदा ते."

"अन् दाबलं की सरकार त्या बाजूला सरकतं."

आझाद मैदान काय असतं ते जालना जिल्ह्याला सांगायची गरज नाही. मराठा आरक्षणासाठी गेलेली अंतरवालीची माणसं महिन्याच्या सुरुवातीलाच तिथून गुलाल उधळत परतली होती. पण मैदान हे शेवटचं टोक. त्याच्या आधी जे चालतं ते मला सिस्टरपेक्षा जास्त माहीत आहे, कारण आमच्या ह्यांचं कलेक्टर कचेरीजवळ डीटीपीचं दुकान आहे. या जिल्ह्यातल्या अर्ध्या मागण्या आमच्या घरच्या प्रिंटरमधून बाहेर पडतात.

निवेदनाचा एक साचा असतो. वर लेटरहेड, त्यावर संघटनेचा नोंदणी क्रमांक. मग 'प्रति, मा. मुख्यमंत्री महोदय', खाली 'मार्फत, मा. जिल्हाधिकारी साहेब, जालना'. विषय ठळक. 'उपरोक्त विषयी सविनय सादर करण्यात येते की'. मग चार मुद्दे. शेवटी 'अन्यथा लोकशाही मार्गाने तीव्र आंदोलन छेडण्यात येईल व होणाऱ्या परिणामास शासन जबाबदार राहील.' सह्या, शिक्का, दुसऱ्या प्रतीवर आवक विभागाची पोच. ती पोच हातात धरून कचेरीच्या पायऱ्यांवर फोटो. जुलैत एका बाजूचे आले, नंतर दुसऱ्या बाजूचे आले. ह्यांनी वरचं लेटरहेड बदललं, मधले मुद्दे बदलले. 'ग्रामीण भागातील गोरगरीब रुग्णांच्या हितासाठी' ही ओळ दोन्हींत होती, ती तशीच ठेवली. टायपिंगचे पैसे मात्र दोनदा घेतले.

सिस्टरना हे ऐकून इतकं हसू आलं की गोधडी भिंतीवरून घसरली.

"पण वहिनी, कलेक्टरला दिलेल्या कागदानं कायदा बदलत नाही. तो फोटोसाठी. खरं काम शिष्टमंडळ करतं. चार मोठे डॉक्टर बुके घेऊन मंत्र्याच्या बंगल्यावर जातात. एखादा आमदार डॉक्टरच असतो, तो अधिवेशनात लक्षवेधी लावतो. आमदाराच्या आईचं ऑपरेशन कुणी केलं, मंत्र्याची शुगर कोण बघतं, हे सगळं उपयोगी पडतं. आपण मंत्र्याला भेटायला गेलो तर बाहेर बाकड्यावर बसू. त्यांचा डॉक्टर आला तर मंत्री आतून उठून येतो."

यात काही पाप आहे असं नाही. शेतकरी संघटना हेच करते, मेडिकलवाल्यांची करते, शिक्षकांची तर उठता बसता करते. फरक एवढाच, की डॉक्टरनं संप केला तर सरकारला दुसऱ्या दिवशीच घाम फुटतो.

"दिल्लीतही हेच," सिस्टर म्हणाल्या. "नॅशनल मेडिकल कमिशनचं बिल आलं होतं ना, त्यात आयुषवाल्यांना, म्हणजे आयुर्वेद-होमिओपॅथीवाल्यांना, ब्रिज कोर्स करून अ‍ॅलोपॅथीची औषधं लिहू द्यायचं कलम होतं. २ जानेवारी २०१८ ला आयएमएनं देशभर बंद केला. त्याच दिवशी बिल संसदेच्या स्थायी समितीकडं गेलं. मार्चमध्ये समितीनं सांगितलं, ब्रिज कोर्सची सक्ती नको. आठवड्याभरात मंत्रिमंडळानं ते कलमच काढून टाकलं."

"म्हणजे आयएमए जिंकली."

"वर्षभर. २०१९ ला कायदा झाला त्यात कलम ३२ आलं, कम्युनिटी हेल्थ प्रोव्हायडर म्हणून. समोरच्या दारानं काढलं, मागच्या दारानं आलं. तव्हा पुन्हा आंदोलन."

मी म्हटलं, "सिस्टर, तुम्ही कुणाच्या बाजूच्या? खरं सांगा."

"वर्षभराच्या कोर्सवर कुणी बाळाला कुठलं अँटिबायोटिक द्यावं, हे मला पटत नाही. वॉर्डात बघितलंय मी, बाहेरून काय काय टोचून येतात बाया. पण मंठ्याच्या त्या खेड्यात रात्री अकराला कोण दार उघडतं? आपलं सरकारी मेडिकल कॉलेज गेल्या वर्षी सुरू झालं, शंभर जागांचं. दरवर्षी शंभर एमबीबीएस निघतील इथून. त्यातले किती जण तिकडं पाटी लावतील, सांगा बरं."

मी सांगितलं नाही. माझा भाचाच यंदा नीटला बसणार आहे आणि त्याला आत्तापासून त्वचारोगतज्ज्ञ व्हायचंय, तेही पुण्यात.

इतक्यात समोरच्या गॅलरीत सून कपडे वाळत घालायला आली. आम्ही दोघी पाच मिनिटं पावसानं गेलेल्या सोयाबीनवर बोललो. ती आत गेली तसं सिस्टर म्हणाल्या, "हिचं दुखणं वेगळंच. फॉर्म एफ."

गर्भलिंग निदानविरोधी कायद्याप्रमाणं सोनोग्राफीच्या आधी प्रत्येक गरोदर बाईचा एक फॉर्म भरतात. नाव, पत्ता, आधीची मुलं किती, त्यात मुलगे किती मुली किती, कुणी पाठवलं, कशासाठी तपासणी. खाली बाईची सही नाहीतर अंगठा, डॉक्टरची सही. एखादा रकाना मोकळा राहिला तरी मशीनला सील लागू शकतं, फौजदारी होऊ शकते. रेडिओलॉजिस्टांचं म्हणणं, कारकुनी चूक आणि गर्भलिंग निदान यांना एकच शिक्षा कशी? त्यांच्या इंडियन रेडिओलॉजिकल अँड इमेजिंग असोसिएशननं १ सप्टेंबर २०१६ ला देशभर सोनोग्राफी बंद ठेवली होती. सुनेच्या सेंटरला तेव्हा कुलूप होतं, मला आठवतं, कारण माझी पुतणी सातव्या महिन्यात होती आणि आम्ही रिक्षानं तीन ठिकाणी हिंडून परत आलो.

"मग स्त्रीरोगतज्ज्ञांची फॉग्सी सुप्रीम कोर्टात गेली," सिस्टर सांगायला लागल्या. "की कागदाच्या चुकीला गुन्हा म्हणू नका. ३ मे २०१९ ला कोर्टानं फेटाळलं. म्हणालं, हा फॉर्म म्हणजेच पुरावा. तोच मोकळा सोडला तर कायद्यात उरलं काय?"

"मला सुनेचं थोडं खरं वाटतं बाई. अंगठा राहिला म्हणून कोर्टाच्या चकरा?"

सिस्टर एकदम गंभीर झाल्या. "वहिनी, तुम्ही लेबर रूमच्या बाहेर कधी उभ्या राहिलात का? तिसरी मुलगी झाली हे सांगायला मी बाहेर यायची तव्हा सासू माझ्याकडं बघायची नाही, भिंतीकडं बघायची. शेजारच्या बीडमध्ये २०११ च्या जनगणनेत हजार मुलांमागं ८०७ मुली निघाल्या. आपलंही काही लई वर नव्हतं. त्या सगळ्या मुली काय अंगठा राहिल्यामुळं गेल्या? कुणीतरी मशीन फिरवलं, कुणीतरी खूण केली. अन् खूण करणारा फॉर्म मोकळाच ठेवतो."

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी नुसती गोधडी पालटली.

एक गोष्ट त्यांनी मुद्दाम सांगितली, ती लिहायला हवी. गर्भलिंग निदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा आपल्या महाराष्ट्रानं केला, १९८८ ला. केंद्राचा कायदा १९९४ चा, तो लागू झाला १९९६ ला. राज्याच्या कायद्यासाठी ऐंशीच्या दशकात मुंबईत धडपडली ती स्त्री संघटनांची आणि कार्यकर्त्यांची मंडळी. त्यांत डॉक्टर होते, पण ते आपल्या संघटनेच्या वतीनं आले नव्हते. केंद्राचा कायदा नुसता कागदावर पडून राहिला तेव्हा २००० मध्ये सुप्रीम कोर्टात गेले ते सेहत आणि पुण्याची मासूम या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज. तज्ज्ञांच्या मोठ्या संघटना हिरिरीनं कोर्टात उतरल्या त्या नंतर, कायदा सैल करा म्हणायला. हे माझं मत. आक्कांच्या सुनेला ते आवडणार नाही.

"पण फॉग्सीला नुसतंच वाईट म्हणू नका," सिस्टरनी लगेच दुसरं पारडं धरलं. "गर्भपाताच्या कायद्यात त्यांनी चांगलं काम केलंय. १९७१ च्या कायद्यात वीस आठवड्यांची मर्यादा होती. बाळाच्या हृदयातला दोष कधीकधी त्याच्यानंतर दिसतो. मुंबईचे डॉ. निखिल दातार २००८ ला आपल्या पेशंटबरोबर हायकोर्टात गेले होते, तिला चोविसावा आठवडा लागलेला. कोर्टानं नाही म्हटलं. पण तिथून विषय पेटला. फॉग्सीही मर्यादा वाढवा म्हणत राहिली. २०२१ ला चोवीस आठवडे झाले, ठरावीक बायांसाठी. अन् बाळात मोठं व्यंग असेल तर त्याच्याही पुढं, मेडिकल बोर्ड बसवून."

"चांगलंच झालं की."

"झालं. पण त्याच कायद्याचा २०१४ चा मसुदा तुम्ही वाचला का? नाहीच वाचला. त्यात लिहिलं होतं, सुरुवातीच्या आठवड्यांतला गर्भपात शिकलेल्या नर्सेसनाही करू द्या, आयुषवाल्यांनाही. खेड्यातल्या बाईला तालुक्याला यायला नको. डॉक्टरांच्या संघटना उठल्या. म्हणाल्या, रुग्णांच्या जिवाला धोका. शेवटी जो कायदा झाला त्यात आठवडे वाढलेले होते अन् आमचं नाव गेलेलं होतं."

सिस्टरचा आवाज थोडा चढला होता. बत्तीस वर्षं ज्या बाईनं रात्री डॉक्टर येईस्तोवर सगळं सांभाळलं, तिला हे लागणारच. एकाच कायद्यात त्या संघटनांनी बाईसाठी दार उघडलंही आणि दुसऱ्या दाराला कडी घातलीही. दोन्ही वेळेला निवेदनावर रुग्णहितच.

"अन् पैशाचा विषय आला की?" मी विचारलं. हा माझा आवडता विषय.

"तिथं तर सगळ्यांचीच एकी. केंद्रानं २०१० ला क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा केला. आपल्या राज्यानं तो घेतलाच नाही. आपला १९४९ चा नर्सिंग होमचा कायदाच बरा म्हणे. आयएमएचा विरोध किती वर्षं चालला! कोविडमध्ये टोपे साहेब आरोग्यमंत्री होते, आपल्याच जिल्ह्याचे. मे २०२० ला खासगी हॉस्पिटलातल्या ऐंशी टक्के बेडना दर बांधून दिले. साधा वॉर्ड ४००० रुपये दिवसाला, आयसीयू ७५००, व्हेंटिलेटर लागला तर ९०००. आयएमए म्हणाली, आम्हाला परवडत नाही, न विचारता दर लावले."

"परवडत नसेलही. लहान हॉस्पिटलाचं लाइट बिलच केवढं येतं."

"नसेलही. पण दुसऱ्या बाजूनं बिल भरणारा त्या बैठकीत होता का? तोच तर मुद्दा आहे. जानेवारी २०२१ ला टोपे साहेबांच्याच काळात नर्सिंग होमचे नियम बदलले, रुग्णहक्कांची सनद आली. हॉस्पिटलात सनद लावायची, दर लावायचे, तक्रार कुठं करायची ते लिहायचं. पुण्या-मुंबईकडचे जन आरोग्य अभियानवाले किती वर्षं त्यामागं लागलेले."

"आक्कांच्या पोरानं लावलंय का दरपत्रक?"

"लावलंय की! दाराच्या मागं. दार उघडं असलं की झाकतं. अन् ओपीडी चालू असताना ते दार कव्हा बंद असतं?"

सिस्टरचा एक भाचा अमेरिकेत एका डॉक्टरांच्या संघटनेच्या ऑफिसात कॉम्प्युटरचं काम बघतो. तो त्यांना सांगतो की तिकडं खासदाराला पटवायला पगारी माणसं ठेवतात, आणि १९९५ च्या कायद्यानं त्या माणसांची नोंद करावी लागते. कुठल्या विषयावर किती खर्च केला तेही जाहीर करावं लागतं. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन सगळ्यांसाठी आरोग्य विमा आणत होता तेव्हा, १९४८ ला, अमेरिकन मेडिकल असोसिएशननं दर सभासदाकडून पंचवीस डॉलर वर्गणी काढली आणि प्रचाराची कंपनीच कामाला लावली. विमा आला नाही. आपल्याकडं असं नोंदवायचा कायदाच नाही. कोण कुणाला कधी भेटलं, काय मागितलं, याची नोंद म्हणजे फेसबुकवरचा बुकेचा फोटो. त्याच्याखाली 'सकारात्मक चर्चा झाली' एवढंच. चर्चेत कुठलं कलम सकारात्मक झालं, ते कायदा आल्यावर कळतं.

माझं म्हणणं एवढंच, की ती निवेदनं तरी सगळ्यांना वाचायला मिळावीत. मंत्र्याला दिलेला प्रत्येक कागद विधिमंडळाच्या पटलावर ठेवा. मंठ्याच्या बाईला वाचता येत नसेल, तर तिची पोरगी वाचेल. हे मी ह्यांनाही बोलून दाखवलं. ते म्हणाले, "तसं झालं तर आपलं गिऱ्हाईक दुप्पट होईल, उत्तर द्यायला दुसरे येतील." धंद्याचंच डोकं.

"तसं बघितलं तर वहिनी," सिस्टर म्हणाल्या, "सगळ्या संघटना स्वतःचंच बघतात. रुग्णाचं नुसतं नाव."

मी एवढ्याचीच वाट बघत होते.

"सिस्टर, जुलैत नर्सेसचा संप होता नव्हं? आझाद मैदानात गेल्या होत्या तुमच्या बाया, मग कामच बंद केलं. रिटायर होऊनही तुम्ही इथल्या निवेदनावर सही केलीत. हिरव्या शाईनं."

"मग? कंत्राटी भरती करायलेत! कायम पदं भरायची नाहीत अन् बाहेरच्या एजन्सीकडून पोरी आणायच्या? एका नर्सकडं किती खाटा येतात माहितीय का तुम्हाला? आमचं वेगळं होतं."

"असेल. पण त्यातही पहिल्याच परिच्छेदात 'गोरगरीब रुग्णांच्या हितासाठी' होतं."

"तुम्हाला काय माहीत?"

"ह्यांनीच टाइप केलंय."

सिस्टरनी भिंतीवरची गोधडी झटकली ती अशी, की सगळं पाणी माझ्या अंगावर.